सात दिवस, दोन तळ

युरोप खंडाच्या नकाशावर, आल्प्स पर्वताच्या पूर्व टोकाशी, बोटाखाली झाकून जाईल एवढा एक देश आहे. त्याचे नाव स्लोव्हेनिया. त्याच्या पश्चिमेस इटली, उत्तरेस ऑस्ट्रिया, ईशान्येस हंगेरी आणि दक्षिणेस क्रोएशिया हे देश आहेत. १९९१ साली तो युगोस्लाव्हियापासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. त्याचे क्षेत्रफळ अवघे २०,२७१ चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत विस्तीर्ण अशा अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. लोकसंख्या सुमारे २१ लाख.

देश लहान असला, तरी निसर्गाने तेथे हात आखडता घेतलेला नाही. वायव्येस ज्युलियन आल्प्सची शिखरे उभी आहेत. त्यांत त्रिग्लाव्ह हे सर्वांत उंच असून त्याची उंची २,८६४ मीटर आहे. 'त्रिग्लाव्ह' म्हणजे तीन मस्तकांचा. यातील 'त्रि' हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल; संस्कृत आणि स्लोव्हेनियन या दूरच्या बहिणी आहेत, याचीच ती खूण होय. नैर्ऋत्येस क्रास नावाचे चुनखडीचे पठार आहे. तेथील पाणी दगड विरघळवीत जमिनीच्या पोटात शिरते आणि आत प्रचंड गुहा कोरते. अशा भूमीला जगभर 'कार्स्ट' म्हणतात. तो शब्द या क्रासवरूनच आला. त्याच भागात त्सेर्कनित्सा नावाचे एक विलक्षण सरोवर आहे. पावसाळी ऋतूत तेथे नावा चालतात आणि पाणी भूमिगत विवरांतून निघून गेले, की त्याच जागी गवत कापले जाते! पूर्वेस सपाट शेतजमीन, तर नैर्ऋत्य कोपऱ्यात एड्रियाटिक समुद्राचा जेमतेम ४७ किलोमीटर लांबीचा किनारा. देशाची निम्म्याहून अधिक भूमी वनांनी आच्छादलेली आहे.

अशा देशात उन्हाळ्याच्या सुटीत तंबू घेऊन बाहेर पडण्याची हौस अनेकांना असावी, यात नवल नाही. राजधानी ल्युब्लियाना येथील असेच एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. आई, वडील, बारा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि आजोबा अशी पाच माणसे. वडिलांना जुलै महिन्यात सात दिवसांची रजा मिळाली होती. निघण्यास पंधरा दिवसांचा अवकाश असताना एके सायंकाळी जेवणाच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरण्यात आला. वही आणि पेन्सिल मुलाच्या हाती देण्यात आली. कारण घरात त्याचे अक्षर सर्वांत चांगले होते.

मुलाने पाच मिनिटांत यादी पुरी केली. पहिली रात्र ब्लेद सरोवराच्या काठी, दुसरी बोहीन सरोवराच्या काठी, तिसरी त्रिग्लाव्हच्या वाटेवर, चौथी सोचा नदीच्या खोऱ्यात, पाचवी पोस्तोयनाच्या गुहांजवळ आणि सहावी पिरान या समुद्रकाठच्या गावी.

"पाहा, बाबा," तो अभिमानाने म्हणाला, "आपला देश केवढासा! सहा रात्रींत सगळा पाहून होईल."

आजोबांनी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली. "देश लहान आहे, हे खरे," ते म्हणाले, "पण म्हणून दिवस मोठा होतो का? तंबू उभा करून सामान लावण्यास किती वेळ लागतो?"

"दोन तास," वडील म्हणाले.

"आणि सकाळी दव वाळवून, तंबू गुंडाळून, सगळे मोटारीत भरण्यास?"

"तेही दोन तास."

"मग कर हिशेब," आजोबा नातवाला म्हणाले.

मुलाने वहीच्या कडेला गुणाकार मांडला. सहा मुक्काम, प्रत्येकाचे चार तास; एकूण चोवीस तास! म्हणजे सात दिवसांच्या सुटीतील एक पूर्ण अहोरात्र खुंट्या ठोकण्यात आणि उपटण्यातच जाणार होती. त्याऐवजी दोनच ठिकाणी तळ ठोकला, तर आठ तास पुरतील आणि सोळा तास हाती उरतील. शिवाय नकाशा अंतर सांगतो, चढण सांगत नाही. क्रान्स्का गोरा या गावाहून सोचाच्या खोऱ्यातील बोवेत्स हे गाव सुमारे ४५ किलोमीटर आहे; परंतु मध्ये १,६११ मीटर उंचीची वर्शिच खिंड ओलांडावी लागते आणि त्या एका घाटात पन्नास तीव्र वळणे आहेत.

आता प्रश्न निराळा झाला. काय पाहावे, हा प्रश्न मागे पडला आणि काय गाळावे, हा पुढे आला. पोस्तोयनाची गुहा घरापासून सुमारे ५० किलोमीटरवर होती. पिरानलाही ल्युब्लियानाहून एका दिवसात जाऊन येता येत होते. घरून एका दिवसात जे पाहता येते, त्यासाठी तंबूची रात्र खर्च करू नये, असे आईने सुचविले. ते सर्वांना पटले; पण मुलगी गप्प झाली. तिने वर्षभर समुद्राची वाट पाहिली होती.

राहिला त्रिग्लाव्ह. प्रत्येक स्लोव्हेनियन माणसाने आयुष्यात एकदा तरी तो चढावा, अशी तेथे रीत मानतात. देशाच्या ध्वजावरील चिन्हातही त्याचे चित्र आहे. १७७८ साली चार धाडसी पुरुषांनी तो प्रथम सर केला. १८९५ साली याकोब आल्याझ या धर्मोपदेशकाने शिखरावर धातूचा एक लहानसा मनोरा उभारला. तो आजही तेथे आहे. परंतु त्या चढाईला सामान्यतः दोन दिवस लागतात, वरच्या डोंगर-आश्रयगृहात रात्र काढावी लागते आणि अखेरच्या अरुंद धारेवर लोखंडी खुंट्या व पोलादी दोर धरून जावे लागते. आजोबांना आणि धाकट्या मुलीला ते शक्य नव्हते. मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्याने 'त्रिग्लाव्ह' या शब्दावर स्वतःच रेघ ओढली. ते पाहून मुलगी हळूच म्हणाली, "माझा समुद्रही खोड."

अशा रीतीने बेत ठरला. चार रात्री बोहीन सरोवराच्या काठी आणि दोन रात्री सोचाच्या खोऱ्यात. त्यातील चौथा दिवस आईने कोरा ठेवावयास लावला. "कोरा दिवस कशाला?" असे मुलाने विचारले, तेव्हा "पावसाला विचारून बेत ठरत नाहीत," एवढेच ती म्हणाली. ज्युलियन आल्प्सच्या काही भागांत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे तिला ठाऊक होते.

जागा ठरल्यावर नियम पाहणे ओघानेच आले. बोहीनचे सरोवर त्रिग्लाव्ह राष्ट्रीय उद्यानात आहे. देशातील हे एकमेव राष्ट्रीय उद्यान असून त्याचा विस्तार सुमारे ८४० चौरस किलोमीटर आहे. तेथे वाटेल त्या ठिकाणी तंबू ठोकण्यास मनाई आहे. राखून दिलेल्या जागीच मुक्काम करावा लागतो. एका माणसाने विझवलेल्या शेकोटीचा काळा डाग लहान दिसतो; पण हजारो माणसांनी तसे डाग ठेवले, तर कुरण उरणार नाही. म्हणून वडिलांनी बोहीन आणि सोचा येथील तळाच्या जागा आधीच राखून घेतल्या.

मग सामानाची यादी झाली. तंबू, खुंट्या, जादा दोऱ्या, हातोडी, झोपण्याच्या पिशव्या, स्टोव्ह, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, पावसाळी अंगरखे आणि जुलै असूनही प्रत्येकास एक लोकरीचा सदरा. तीन दिवसांचा शिधा बरोबर घ्यावा आणि पुढचा वाटेवरच्या गावांत भरावा, असे ठरले. कारण ओझे वाहणाऱ्यालाच त्याचे वजन कळते.

शेवटी वडिलांनी मुलाला वहीत एक नियम लिहावयास सांगितला. उन्हाळ्यात सकाळी ऊन डोंगरउतारांना तापविते. तापलेली हवा वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातील वाफेचे ढग बनतात. सकाळी निरभ्र असलेले शिखर दुपारी विजांच्या वादळात सापडते, ते याच कारणाने. अशा वेळी उघड्या धारेवर असणे जिवावर बेतू शकते. म्हणून नियम असा होता: "डोंगरावर दुपारी बारा वाजता जेथे असू, तेथून परत फिरावे." मुलाने तो ठळक अक्षरात लिहिला.

ठरल्या दिवशी मंडळी निघाली. वाटेत ब्लेदला दोन तासांचा विसावा झाला. सरोवराच्या मध्यभागी लहानसे बेट, त्यावर चर्च आणि चर्चकडे नेणाऱ्या ९९ पायऱ्या. वर कड्यावर किल्ला. हे सारे मुलांनी काठावरून डोळे भरून पाहिले. सायंकाळच्या आत बोहीनच्या काठी तंबू उभा राहिला. बोहीनचे सरोवर चार किलोमीटरहून थोडे अधिक लांब व सुमारे एक किलोमीटर रुंद आहे. प्राचीन हिमनदीने कोरलेल्या दरीत ते पसरले आहे. वडिलांनी तंबूसाठी जागा निवडताना काठाजवळचा मऊ, खोलगट गवताचा तुकडा सोडून थोडी उंचवट्याची खडबडीत जागा घेतली. "मऊ जागा पाणीही पसंत करते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर्वांनी सावित्सा धबधबा पाहिला. ७८ मीटर उंचीवरून कोसळणारे ते पाणी पुढे सरोवराला मिळते. तिसऱ्या दिवशी आजोबांना तळावर ठेवून बाकीची चौघे भल्या पहाटे डोंगराची वाट चालू लागली. वाटेवर झाडांवर आणि खडकांवर लाल कड्यात पांढरा ठिपका अशी खूण रंगवलेली होती. स्लोव्हेनियाच्या डोंगरवाटांवर ही खूण सर्वत्र आढळते. १९२२ सालापासून ती रूढ झाली. सुमारे साडेतीन तासांच्या चढणीनंतर ती एका 'प्लानिने'वर पोहोचली. उन्हाळ्यात गुरे चारण्यासाठी वर नेतात, त्या उंचावरील कुरणांना तेथे प्लानिना म्हणतात. गाईंच्या गळ्यांतील घंटा वाजत होत्या, लाकडी झोपड्यांपुढे ऊन पडले होते आणि एका बाजूला डोंगर-आश्रयगृह होते. थोडी विश्रांती घेऊन मंडळी त्यावरची चढण चढू लागली. वरच्या धारेवरून त्रिग्लाव्ह दिसेल, असे कोणीतरी वाटेत सांगितले होते.

धार अर्ध्या तासावर असताना बारा वाजले.

आकाश अजून निळे होते. फक्त पलीकडच्या एका शिखराच्या माथ्यावर कापसासारखा ढग वाढत होता. "बाबा, अर्धाच तास!" मुलगा कळवळून म्हणाला. "निदान लांबून तरी मला तो पाहू द्या." वडिलांनी वर पाहिले. त्यांनाही मोह झाला. मुलाने आपल्या हाताने खोडलेले नाव त्यांना आठवले. क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी पिशवीतून वही काढून मुलाच्या हाती दिली. "तूच वाच," ते म्हणाले.

मुलाने आपलेच ठळक अक्षर पाहिले. ओठ घट्ट मिटून त्याने वही मिटली आणि तो उताराकडे वळला.

मंडळी आश्रयगृहाच्या दारात पोहोचली, तोच वाऱ्याचा पहिला झोत आला. पाहता पाहता ढग काळा झाला, गारा पडू लागल्या आणि वरच्या धारेवर वीज कडाडली. ज्या जागी अर्ध्या तासापूर्वी जाण्याचा हट्ट मुलाने धरला होता, ती जागा पावसाच्या पडद्याआड दिसेनाशी झाली. गरम सूप पिताना कोणी कोणास काही म्हणाले नाही. तशी गरजही नव्हती.

वादळ ओसरल्यावर चौघे सावकाश तळावर उतरली. पण रात्री पाऊस पुन्हा सुरू झाला. काठाजवळच्या खोलगट, मऊ जागी शेजाऱ्यांचा तंबू होता. मध्यरात्री त्यात पाणी शिरले. आजोबांनी विजेरी दाखवून त्या तरुण जोडप्याला हाक मारली आणि त्या रात्री पाच जणांच्या तंबूत सात जण झोपले. दुसरा दिवस वहीत कोरा होता. तो दोन्ही तंबू, पांघरुणे आणि बूट वाळविण्यात गेला. कोरा दिवस कशासाठी असतो, हे मुलाने पुन्हा विचारले नाही.

पाचव्या दिवशी मोटार वर्शिचचा घाट चढू लागली. वाटेत एके ठिकाणी लाकडी रशियन चर्च लागते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्याखाली अनेक कैदी व त्यांचे पहारेकरी गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ मागे राहिलेल्या कैद्यांनी हे चर्च उभारले. सर्वजण तेथे उतरून दोन मिनिटे स्तब्ध उभी राहिली. ज्या वाटेने आपण सुटीला जातो, ती कोणी आणि कोणत्या यातना सोसून बांधली, हेही प्रवाशाने जाणले पाहिजे.

खिंडीच्या माथ्यावर आजोबांनी गाडी थांबवावयास सांगितली. "इकडे पडलेले पाणी," ते उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाले, "सावा नदीला मिळते, सावा डॅन्यूबला, आणि डॅन्यूब काळ्या समुद्राला. आणि तिकडे, दक्षिणेकडे पडलेले पाणी सोचाला मिळते."

दक्षिणेकडच्या उतारावर त्रेंताच्या दरीत सोचाचा उगम आहे. पांढऱ्या चुनखडीच्या पात्रातून वाहणारे तिचे पाणी पाचूसारखे हिरवे दिसते. ऐन उन्हाळ्यातही ते इतके गार असते, की पाय फार वेळ आत ठेववत नाहीत. या शांत खोऱ्यात १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. शेवटची कोबारीद येथे सुरू झाली. सहाव्या दिवशी मुलांनी ते गाव आणि तेथील युद्धाचे संग्रहालय पाहिले.

शेवटच्या सायंकाळी मुलगी नदीकाठी पाण्यात हात बुडवून बसली होती. तिने विचारले, "आजोबा, ही नदी शेवटी कोठे जाते?"

"१३८ किलोमीटर वाहते, खाली इटलीत शिरते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते," आजोबा म्हणाले.

मुलीने हात तसाच पाण्यात ठेवला. "म्हणजे माझ्याच समुद्राला," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी आपण हिला तिकडे भेटू."

सातव्या दिवशी मंडळी घरी परतली. देशातील कितीतरी स्थळे त्यांनी पाहिली नव्हती. परंतु जी पाहिली, ती धावत्या मोटारीतून पाहिली नव्हती. त्या रात्री मुलाने वहीचे नवे पान उघडून वर 'त्रिग्लाव्ह' असे लिहिले. त्याखाली स्थळांची यादी त्याने केली नाही. एक कोरा दिवस आखला आणि बारा वाजताचा नियम पुन्हा ठळक अक्षरात उतरवून काढला.

बेत म्हणजे पाहण्याच्या गोष्टींची लांबलचक यादी नव्हे. मन शांत असताना कोणत्या गोष्टीचा मोह सोडावयाचा, हे ज्याने ठरविले, त्याला ऐन प्रसंगी मार्ग सुचतो. सात दिवसांच्या सहलीस जे लागू आहे, ते मोठ्या प्रवासासही लागू आहे.

शब्दार्थ

तळ ठोकणे – मुक्काम करणे. अहोरात्र – दिवस आणि रात्र. आश्रयगृह – डोंगरावर प्रवाशांना निवारा देणारे घर. धार – डोंगराचा अरुंद, उंच माथा. शिधा – स्वयंपाकाचे कोरडे सामान. हिमकडा – डोंगरावरून कोसळणारी बर्फाची रास.

अभ्यास

१. मुलाच्या पहिल्या यादीत कोणती उणीव होती? आजोबांनी ती कशी दाखवून दिली?
२. मुलाने 'त्रिग्लाव्ह' हे नाव आणि मुलीने 'समुद्र' आपण होऊन का खोडावयास लावला असावा, असे तुम्हांस वाटते?
३. डोंगरावर उन्हाळ्यात दुपारी वादळे का होतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'मऊ जागा पाणीही पसंत करते.' हे वाक्य कोणी, केव्हा म्हटले? त्याचा प्रत्यय पुढे कसा आला?
५. वडिलांनी मुलाला स्वतः न रागावता वही का वाचावयास दिली?
६. तुमच्या वर्गाला तीन दिवसांच्या सहलीस जावयाचे आहे. आपल्या जिल्ह्याचा नकाशा घेऊन बेत आखा. काय पाहाल, ते लिहा. काय गाळाल, तेही लिहा आणि त्याची कारणे द्या.